पानांचा दागिना : सावलीत वाढणारं ऑर्किड

(मांडवगण फराटा आणि भीमाकाठच्या गावांतील महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐका, मेथी निवडता निवडता ऐका. फक्त मध्ये एकदोन ठिकाणी मी थांबून सांगेन, ‘हे लिहून घ्या’. तेवढ्यापुरती वही आणि पेन जवळ असू द्या.

आज मी एका झाडाबद्दल बोलणार आहे. हे झाड उन्हात टिकत नाही, त्याला शेत लागत नाही आणि फुलासाठी त्याला कोणी विकतही घेत नाही. त्याची किंमत आहे ती पानाला. इंग्रजीत त्याला ज्वेल ऑर्किड म्हणतात, म्हणजे दागिन्यासारखं ऑर्किड. शास्त्रातलं नाव लुडिसिया. पान साधारण बोटाएवढं लांब, गर्द वांगी रंगाचं, हात लावला तर मखमल लागते. त्या गर्द रंगावर तांब्याच्या तारेसारख्या लांब लांब रेषा असतात. वांगी रंगाच्या पैठणीला तांब्याची जर लावली तर कशी दिसेल, तसं ते दिसतं. पान उलटं करून पाहिलं तर खालून लालसर जांभळं.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांतून एकच प्रश्न आला. मोबाईलवर या झाडाचे व्हिडिओ फिरतात. घरबसल्या ऑर्किड लावा, महिन्याला इतके कमवा, असं त्यात सांगतात. ताई, हे खरं का? गटाच्या पैशातून घ्यावं का? म्हणून आज दोन गोष्टी सांगते. एक, हे झाड आपल्या मांडवगणच्या हवेत कसं जगवायचं. दोन, त्यात गटाचा पैसा घालायचा का, आणि घालायचा तर कधी.

आधी झाडाची ओळख करून घेऊ, कारण झाड कुठलं आहे ते कळलं की त्याला काय हवं ते आपोआप कळतं. लुडिसिया मूळचं दक्षिण चीन, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया या बाजूचं. तिथल्या दाट जंगलात मोठ्या झाडांच्या खाली, ओल्या पालापाचोळ्यात ते सरपटत वाढतं. ऑर्किड म्हटलं की आपल्याला झाडाच्या फांदीवर लटकणारी सीतेची वेणी आठवते. हे तसं नाही. हे जमिनीवरचं ऑर्किड आहे. वर पानांचं छत असतं, खाली थोडाच उजेड पोचतो, हवा दमट असते, आणि पाणी म्हणाल तर फक्त पावसाचं.

आता आपल्याकडं पाहा. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधलं आपलं रान. नदी आहे, ऊस आहे, म्हणून परक्या माणसाला वाटतं की इथली हवा ओली असेल. पण शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे कमी पावसाचे तालुके. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या पुढं जातो, वारा कोरडा आणि तापलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या आसपास थंडी. या झाडाला बरं वाटतं ते साधारण अठरा ते सत्तावीस अंशांत. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने आपली हवा त्याला मानवते आणि बाकीचे महिने आपल्याला त्याला सांभाळावं लागतं.

हीच आपली भीमा जिथं उगम पावते, त्या भीमाशंकरच्या जंगलात मात्र वेगळी दुनिया आहे. तिथं आपल्या कैक पट पाऊस पडतो, आणि सावलीत, पालापाचोळ्यात वाढणारी आपली स्वतःची जमिनीवरची ऑर्किडं तिथं आहेत. काही तर पावसाळ्यात एकच पान वर काढतात आणि उन्हाळ्यात जमिनीखालच्या गाठीत झोपून राहतात. हे मुद्दाम सांगते, कारण यात्रेला किंवा सहलीला गेल्यावर कुणाला तरी वाटतं की एखादं उपटून घरी आणावं. ते करू नका. भीमाशंकर हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून झाड काढणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते झाड आपल्याकडं जगत नाही. ऑर्किडच्या मुळांत मातीतली एक बुरशी राहते, दोघांचा एकमेकांवर संसार असतो. उपटलं की तो संसार मोडतो. लावायचं ते रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप.

रोपवाटिकेतली रोपं कशी तयार होतात, तेही थोडक्यात ऐका, कारण त्यात आपल्या ओळखीचा एक पदार्थ आहे. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी शिदोरी या बियात नसते. जंगलात ती बुरशी त्याला भरवते. १९२२ मध्ये नडसन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की बाटलीत खळीसारख्या थरावर साखर आणि खतं दिली तर बुरशीशिवायही हे बी रुजतं. पुढं ऊतिसंवर्धनानं, म्हणजे टिश्यू कल्चरनं, एका रोपापासून हजारो रोपं होऊ लागली. आपण केळीची रोपं आणतो, तशीच. म्हणजे ज्या साखरेवर आपला तालुका चालतो, त्याच साखरेवर बाटलीतलं ऑर्किड वाढतं. पण ते काम प्रयोगशाळेचं. आपल्या हातात जे आहे ते त्याहून सोपं आहे.

या झाडाचं खोड मांसल असतं, त्याला पेरं असतात. प्रत्येक पेरावर डोळा. कुणाची आठवण झाली? ऊसाची! ऊसाचं बेणं करताना आपण दोन डोळ्यांचं टिपरं तोडतो ना, अगदी तसंच. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यायचा, आडवा ठेवायचा, अर्धा खाली दबेल आणि अर्धा वर राहील असा. ऊसासारखा पुरून टाकायचा नाही. पेरापाशी मूळ फुटतं, डोळ्यातून नवा कोंब येतो. ज्या बाईनं ऊसाची लागण केली आहे, तिला हे शिकवायला नको.

आता वही घ्या. पहिली गोष्ट, पाणी.

मैत्रिणींनो, लोक म्हणतात या झाडाचा शत्रू ऊन आहे. ऊन आहेच, पण ऊन दिसतं तरी, म्हणून आपण सावली करतो. आपल्या भागातला न दिसणारा शत्रू म्हणजे बोअरचं पाणी. तुमच्या घरातल्या पातेल्याच्या बुडाशी, गिझरच्या कांडीला, बादलीच्या काठाला जो पांढरा थर बसतो, तो क्षाराचा. ज्या पाण्यानं वर्षानुवर्षं पाजून कितीतरी रानं चोपण झाली, तेच पाणी कुंडीत घातलं तर कुंडीतली मूठभर माती सहा महिन्यांत चोपण होते. पानांच्या कडा तपकिरी होतात, मुळांची टोकं काळी पडतात, आणि आपण म्हणतो ‘झाडाला रोग आला.’ रोग नसतो, ते मीठ असतं. उकळून पाणी गोड होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण मीठ तिथंच राहतं.

पाणी तपासायचं सोपं साधन आहे. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडं पेनासारखा टीडीएस मीटर असतो. पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा धरली आहे. पण माणूस पितो ते पाणी या झाडाला चालेलच असं नाही. आकडा १५० च्या आत असेल तर उत्तम. ५०० च्या पुढं असेल तर या झाडाला ते देऊच नका.

मग कोणतं द्यायचं? पावसाचं. तुम्ही म्हणाल, ताई, इथं पाऊस कुठं? हिशेब करू या. दहा फूट बाय दहा फूट पत्र्याचं छप्पर धरा. त्यावर फक्त दहा मिलिमीटर, म्हणजे एकच बरा पाऊस पडला, तरी नव्वद लिटरच्या आसपास पाणी पत्र्यावरून खाली येतं. एका छोट्या कुंडीला तीन दिवसांतून एकदा एक छोटा पेला, म्हणजे शंभर मिलिलिटर पाणी धरलं, तर वर्षाला साधारण बारा लिटर लागतं. म्हणजे एका बऱ्या पावसात सात कुंड्यांची वर्षाची सोय. लिहून घ्या : एक पाऊस, दहा बाय दहा पत्रा, सात कुंड्या. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. दुसऱ्या पावसापासून पिंपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं बांधायचं, पाणी भरायचं आणि घट्ट झाकण लावून सावलीत ठेवायचं. झाकण सैल राहिलं तर डास होतील, आणि डेंग्यूला घरात बोलावून ऑर्किड लावायचं नाही. पाणी संपलंच तर गावातल्या शुद्ध पाण्याच्या मशीनचं पाणी चालतं. मात्र शुद्धीकरण यंत्रातून बाजूला पडणारं पाणी कधी नको. सगळं मीठ त्यातच गोळा झालेलं असतं.

दुसरी गोष्ट, माती. खरं तर माती नकोच. आपली काळी माती ऊसाची आई आहे, पण या झाडाचा गळा दाबते. पाणी घातलं की ती गच्च होते, मुळाला हवा मिळत नाही आणि खोड बुडातून कुजतं. प्रमाण लिहून घ्या. दोन भाग नारळाचा काथ्या किंवा भुसा, एक भाग वाटाण्याएवढे विटेचे किंवा लाकडी कोळशाचे तुकडे, एक भाग चांगला कुजलेला आणि चाळलेला पालापाचोळा. नारळाच्या भुशातही मीठ असतं, म्हणून तो चांगल्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी बदलून, असं तीनदा करा. कुंडी खोल नको, पसरट हवी, चार-पाच इंच तोंडाची, खाली भरपूर भोकं असलेली. हे झाड खाली जात नाही, बाजूला सरपटतं.

तिसरी गोष्ट, जागा. सकाळी नऊनंतरचं ऊन पानावर पडता कामा नये. ऊन लागलं की मखमल फिकी पडते, मग करपते. पण अंधारी कोठीसुद्धा नको. अंधारात खोड उंच आणि बारीक होतं, पानं लहान येतात. परीक्षा सोपी आहे. ज्या जागी दुपारी दिवा न लावता तुम्हाला तांदूळ निवडता येतात, पण ऊन अंगावर येत नाही, ती जागा याची. उत्तरेच्या खिडकीजवळचा कोपरा, माजघरातली माठाजवळची जागा, ओट्याचा आतला भाग. पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवू नका, तिथं मे महिन्यात भट्टी होते. चुलीच्या धुराजवळ आणि फ्रीजच्या मागच्या गरम हवेतही नको.

चौथी गोष्ट, उन्हाळा. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, वरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं याच तत्त्वावर विटा आणि ओल्या वाळूचा शीतकक्ष तयार केला. भाजी साठवायला वीज लागत नाही असा. तुमच्यापैकी काही गटांनी तो प्रशिक्षणात पाहिला असेल. आपण तेच लहान करू. एक मोठी मातीची कुंडी घ्या. तिच्या बुडाशी विटेचा तुकडा ठेवा, त्यावर आपली छोटी कुंडी ठेवा. दोन्हींच्या मध्ये वाळू भरा आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. छोटी कुंडी प्लॅस्टिकची घ्या, म्हणजे वाळूला बोअरचं पाणी घातलं तरी ते आत झिरपत नाही. विटेचा तुकडा कशासाठी? छोट्या कुंडीचं बूड पाण्यात उभं राहू नये म्हणून. गारवाही मिळतो आणि भोवतीची हवाही दमट राहते. होळी झाली की ही जोडकुंडी करायची, आणि पाऊस लागेपर्यंत मोडायची नाही.

अगदी लहान रोप असेल तर आणखी सोपा उपाय. लोणच्याची मोठ्या तोंडाची काचेची बरणी स्वच्छ धुवा, तेलाचा वास जाईपर्यंत. बुडाशी कोळशाचे तुकडे, वर आपलं मिश्रण, त्यात रोप. झाकण अर्धं उघडं. आतली ओल आतच फिरत राहते, आठ-दहा दिवस पाणी लागत नाही. बरणी उन्हात मात्र कधीही ठेवू नका, आत रोप शिजतं.

पाणी कधी द्यायचं याचं घड्याळ नाही. बोट घाला. वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा लागला तर द्या, ओला लागला तर थांबा. पाणी सकाळी द्या, मुळाशी द्या. रात्रभर पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की कूज येते. या झाडाची जास्त रोपं तहानेनं नाही, लाडानं मरतात.

खताची तर फारच कमी भूक. पुडीवर लिहिलं असेल त्याच्या चौथा हिस्सा विद्राव्य खत, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. युरियाची चिमूटसुद्धा नको. कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण येतो, पावसाळ्यात गोगलगाय पान खाते. थोड्या झाडांना फवारा लागत नाही. साबणाच्या सौम्य पाण्यात कापूस बुडवून पान पुसा, आणि गोगलगाय रात्री बॅटरी घेऊन वेचा.

आता वर्षाचं वेळापत्रक सांगते. जून संपता संपता, हवा दमट झाली की कांड्या लावा. ब्लेड दिव्याच्या ज्योतीवर धरून गार करा, मग कापा. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावतात, कूज धरत नाही. तुकडा एक दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. साधारण दीड-दोन महिन्यांत मूळ धरतं. जुलै ते ऑक्टोबर वाढ होते. दिवाळीनंतर पाणी कमी करा. थंडीत रात्री कुंडी भिंतीच्या आत घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान मधून एक तुरा उभा राहतो, त्याला लहान पांढरी फुलं येतात, मध्ये पिवळा ठिपका. ज्या खोडाला फूल आलं ते पुढं वाढत नाही, पण त्याच्या बुडातून नवे फुटवे येतात. ऊसाचा खोडवा फुटतो तसेच. म्हणून फुलाचं खोड लगेच टाकून देऊ नका. पुढच्या पावसाळ्याचं बेणं त्यातच आहे.

इथवर झाड झालं. आता पैशाचं बोलू. इथं मात्र हातातलं काम जरा बाजूला ठेवा.

समजा तुमच्याकडं एक कुंडी आहे. चांगली वाढली तर वर्षानं तिच्यापासून तीन होतील असं धरू. दुसऱ्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी सत्तावीस, चौथ्या वर्षी एक्क्याऐंशी. कागदावर छान दिसतं. पण उन्हाळ्यात तिनातलं एक गेलं, तर दर वर्षी दुप्पटच होतात. मग पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी आठ, चौथ्या वर्षी सोळा. एक्क्याऐंशी कुठं आणि सोळा कुठं! हा सगळा फरक पाणी आणि सावली सांभाळणाऱ्या हाताचा आहे. तो हात तयार व्हायला एक पूर्ण वर्ष लागतं, म्हणजे एक पूर्ण उन्हाळा. व्हिडिओत उन्हाळा दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट. कुणी तुमच्या गटाकडं येईल आणि म्हणेल, रोपं आमच्याकडून घ्या, इतके हजार आगाऊ भरा, वाढवा, सगळी आम्हीच जास्त भावानं परत घेऊ. अशा वेळी २०१९ सालची सांगली-कोल्हापूर भागातली कडकनाथ कोंबड्यांची गोष्ट आठवा. आगाऊ पैसे घेतले, पिल्लं दिली, अंडी-कोंबड्या परत घेण्याची हमी दिली. पुढं घेणारं कुणी राहिलं नाही, आणि शेतकऱ्यांच्या दारात खाणारी तोंडं तेवढी उरली. कडकनाथ कोंबडी वाईट नव्हती. वाईट होता तो करार, ज्यात विकणाराही एकच आणि घेणाराही एकच. बाजारात दुसरं गिऱ्हाईक आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. तेच ऑर्किडचं होऊ शकतं, मशरूमचं होऊ शकतं, कशाचंही होऊ शकतं. म्हणून गटासाठी नियम लिहून घ्या : जो आपल्याला रोप विकतो, त्याच्याच शब्दावर आपलं विक्रीचं गणित बसवायचं नाही.

मग गिऱ्हाईक कुठं शोधायचं? फार लांब नाही. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीचा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आपल्यापासून जवळ आहे. गटातल्या दोघी-तिघींनी एक दिवस काढून तिथं जा. खरेदी करायला नव्हे, विचारायला. चार प्रश्न विचारा. हे झाड तुम्ही ठेवता का? आम्ही वाढवलेलं घ्याल का, आणि किती मोठं झालं की घ्याल? काय भावानं? महिन्याला किती, आणि कोणत्या महिन्यात? एका ठिकाणी विचारून परत येऊ नका, किमान पाच ठिकाणी विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. पाचही जण म्हणाले ‘मागणी नाही’, तर तेही उत्तर मोलाचं आहे. गटाचे पैसे वाचले. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथं शहरातली माणसं कसली झाडं विकत घेतात ते डोळ्यांनी पाहता येतं. शास्त्रीय सल्ला हवा असेल तर आपल्या जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि फुलपिकांच्या संशोधनाचं केंद्र सरकारचं संचालनालय पुण्यातच आहे.

एक सावधगिरी आणखी. चीन आणि तैवानमध्ये याच्या नात्यातलं एक पानाचं ऑर्किड औषध म्हणून लावतात. ते ऐकून कुणी सांगेल, याचा काढा घ्या, साखर कमी होते. ते झाड वेगळं, हे वेगळं. हे झाड बघायचं आहे, खायचं नाही. आणि परदेशात पाठवा, डॉलर मिळतील, असं कुणी म्हणालं तर एवढंच लक्षात ठेवा : ऑर्किडच्या सगळ्याच कुळाचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, त्याला सरकारी परवाने लागतात. पिशवीत घालून पोस्टानं पाठवायची ती वस्तू नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मग एवढं सगळं सांगितलंत कशाला? लावू नका म्हणायचं होतं का? नाही. लावा. पण लहान लावा.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर सातबारा नाही. शेतात राबतो, पण काय पेरायचं ते आपल्याला विचारत नाहीत. माठाजवळचा हात-दीड हात कोपरा मात्र आपला असतो. तिथं काय ठेवायचं ते आपण ठरवतो. त्या कोपऱ्यातून पैसा यावा असं वाटणं चूक नाही. पण तो कोपरा कर्जात जाऊ नये, म्हणून हे सगळं सांगितलं. दहा जणींच्या गटानं कर्ज न काढता, खिशातल्या पैशातून, दोघींत मिळून एक रोप आणा. म्हणजे पाच रोपं. पाच घरं वेगळी, पाच कोपरे वेगळे. एकीचं कौलाचं घर, एकीचं स्लॅबचं, एकीचं पत्र्याचं. कुठं जगतं, कुठं मरतं ते वर्षभर वहीत लिहा. तारीख, पाणी किती, पान नवं आलं का, कडा करपली का. दर महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की पाच मिनिटं ती वही वाचा. वर्षानंतर तुमच्या हातात मांडवगणच्या हवेचं, मांडवगणच्या पाण्याचं ज्ञान असेल. ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. त्यानंतर गटाचा पैसा घालायचा की नाही, ते तुम्हीच ठरवाल, आणि बरोबर ठरवाल.

आणि समजा विक्री झालीच नाही, तरी पाच घरांत पाच देखणी झाडं राहतील. मुलीला सांगता येईल, बघ, याची मुळं कशी बुरशीबरोबर राहतात. आणि पावसाचं पाणी साठवायची जी सवय लागली, ती ऑर्किड गेलं तरी घरात राहील.

उजळणी करते. पाणी पावसाचं. माती काळी नको, काथ्या-कोळसा-पालापाचोळा. उजेड तांदूळ निवडण्यापुरता. उन्हाळ्यात वाळूची जोडकुंडी. बेणं दोन-तीन पेरांचं, जूनअखेर. विकणाऱ्याच्या शब्दावर विक्रीचं गणित नाही. आणि कर्ज काढून ऑर्किड नाही.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. तोवर एवढं करा : घरातलं एक पिंप घासून स्वच्छ करा, त्याच्या तोंडाला पुरेल असं फडकं शोधून ठेवा आणि पत्र्याची पन्हळ कुठं गळते ते पाहून घ्या. रोप नंतर आणू, आधी पाणी येऊ द्या.